जादा निघालेल्या तीन जोड्या

"चोरी झाली नाही, मारामारी झाली नाही, कुणी पळूनही गेलं नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "तरी माझा कारखाना आज दुपारनंतर बंद पडेल. आणि दोष माझ्याच कामाचा, असं सगळे म्हणताहेत."

आत्याने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "सगळ्यांचं राहू द्या. तुम्ही काय म्हणता?"

"माझं काम असं बिघडत नाही."

त्या हे इतकं सरळ बोलल्या, की कोपऱ्यात बसलेल्या भाच्याने हातातला पेपर खाली ठेवला. बढाया मारणारी माणसं त्याने बँकेत पुष्कळ पाहिली होती. ती आवाज चढवतात. या बाईंचा आवाज उलट खाली आला होता.

आत्या एके काळी विमा कंपनीची सर्वेक्षक होती. जळलेली गोदामं आणि उलटलेले ट्रक पाहून कोण थापा मारतोय ते सांगण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर तेच काम ती घरातून, खासगी तपासनीस म्हणून करत होती. भाचा बँकेच्या कर्ज विभागात होता, आणि सुट्टी मिळाली की आत्याच्या मागून हिंडायचा. त्याची चाळिशी उलटली होती, पोटही सुटलं होतं, पण आत्या त्याला चारचौघांत 'बाळ' म्हणायची. आता त्याने त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं.

मालकीणबाईंचा धंदा जुन्या यंत्रांना नवं करण्याचा. शीतगृहांचे कॉम्प्रेसर, म्हणजे थंडी तयार करणारी अवजड यंत्रं, झिजली की लोक भंगारात काढतात. मालकीणबाई ती विकत घेत, पूर्ण खोलत, धूत, झिजलेले भाग बदलत आणि पुन्हा विकत. आणि नव्या यंत्राला जेवढी गॅरंटी, तेवढीच आपल्या यंत्रांना देत.

"महिन्याभरात तीन यंत्रं परत आली," त्या म्हणाल्या. "तिन्ही दुधाच्या डेअऱ्यांकडून. तिन्हींत एकच दुखणं, आतलं बेअरिंग खाल्लं गेलेलं. आमच्या गॅरंटीचा विमा आहे. त्या कंपनीचे अधिकारी आज दुपारी येताहेत. त्यांचं म्हणणं, जुनं लोखंड ते जुनंच. विमा काढून घेणार."

"आणि विमा गेला की बँक कर्ज परत मागणार," बाळ म्हणाला. इथे त्याला कळण्यासारखं काही होतं, म्हणून तो जरा पुढे सरकला. "गॅरंटी म्हणजे अजून न आलेलं बिल, आत्या. ते किती येईल कुणालाच ठाऊक नसतं. विमा आहे म्हणून तर बँक धीर धरते."

"बाळ, तू शहाणा आहेस. थोडा वेळ गप्प बस." आत्या मालकीणबाईंकडे वळली. "दूध नासलं का हो कुणाचं?"

"नाही. तेवढं नशीब. तिघांकडेही जोडीला दुसरं यंत्र होतं. सगळ्यांकडे नसतं तसं."

आत्याने चहा संपवला आणि चपला शोधायला उठली.

कारखान्याच्या अंगणात जुने कॉम्प्रेसर एका अंगाला मांडून ठेवले होते, गंजलेले, तेलकट, कुणाचं झाकण गायब तर कुणाला घुशीने घर केलेलं. बाळला ते पाहून उगाच वाईट वाटलं. पण आत शिरल्यावर तो उभाच राहिला. तीच यंत्रं आत टेबलावर सुटी होऊन पडली होती, स्वच्छ, राखाडी, प्रत्येक भाग आपल्या थाळीत.

"हे ओतीव लोखंड बघा," मालकीणबाईंनी एका धडावर हात ठेवला. "याला काही होत नाही. माणसाचं आयुष्य संपेल, हे संपणार नाही. झिजतो तो आतला ओंजळभर भाग. आणि लोक त्या ओंजळीपायी सगळं धड भट्टीत घालतात. पुन्हा कोळसा, पुन्हा धूर, आणि शेवटी हेच लोखंड हातात."

"आणि धुता कशाने?"

"गरम पाणी आणि साबणाचं मिश्रण. ते यंत्र." त्यांनी मोठ्या पिंपासारख्या एका पेटीकडे बोट केलं. "तेच पाणी गाळून पुन्हा वापरतो. बाबांच्या वेळी डिझेलच्या बादल्या असायच्या. मागचा ओढा काळा वाहायचा. मी कारभार हातात घेतला त्या वर्षी ते बंद केलं. आता डिझेल फक्त जनरेटरच्या टाकीत."

"बाबा कडक होते?"

"भयंकर!" मालकीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "काढलेला भाग स्वतःच्या हाताने धुऊन, पुसून, जागेवर ठेवल्याशिवाय घरी जायचं नाही. मी आणि दादा शाळेतून आलो की बादलीपाशी. जेवणाला हाताचा वास यायचा. त्यांच्या वेळचे कामगार आता सगळे निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालचे आम्ही दोघंच उरलो."

परत आलेली तिन्ही यंत्रं एका टेबलावर पोट उघडून पडली होती. आतली बेअरिंगं म्हणजे काशाच्या दोन अर्धगोल वाट्यांची जोडी. दोन्ही मिळून फिरत्या दांड्याला मिठी मारतात. या वाट्या खरवडून, ओरखडून गेल्या होत्या.

"तयार झालेल्या यंत्राचं पुढे काय होतं?" आत्याने विचारलं.

"एक अख्खा दिवस चाचणीच्या चौथऱ्यावर चालवतो. मग रात्रभर गार होऊ देतो. सकाळी मी सगळे बोल्ट पुन्हा आवळते आणि शिशाचं सील ठोकते. तिन्ही यंत्रांची सीलं शाबूत होती, आत्या. म्हणून तर माझी बोलती बंद आहे."

आत्या भिंतीपाशी गेली. तिथे तयार बेअरिंगांची मांडणी होती, कप्प्याकप्प्यांत जोड्या. ती एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरू लागली. बहुतेक जोड्या आतून मंद, धुरकट होत्या. खालच्या कप्प्यातल्या तीन जोड्यांना मात्र मधोमध एक गुळगुळीत, चमकता पट्टा होता. आत्याने त्यातली एक नाकाशी नेली आणि मग बाळच्या नाकाशी धरली.

"कशाचा वास येतो?"

"पेट्रोल पंपाचा," बाळ म्हणाला. "पण या किती चकचकीत केल्यात! कारागिरी आहे."

"आहे खरी," आत्या म्हणाली आणि जोडी होती तिथे ठेवून दिली.

"यंत्र गार होत असतं त्या संध्याकाळी इथे कोण असतं?"

"मी दिवस संपला की घरी जाते, मुलं वाट बघतात. चाचणीवाले चौथरा बंद करून जातात. भंगारमामा माल उतरवायला संध्याकाळीच येतात. आणि दादा हिशेबाला बसतो. किल्ल्या तिघांकडे आहेत." त्या जरा थांबल्या. "तिघंही माझी माणसं आहेत."

चाचणी करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. उंच, किडकिडीत, मितभाषी माणूस. लाकडी दांडीचं एक टोक चालत्या यंत्रावर आणि दुसरं कानाच्या मागे टेकवून तो डोळे मिटून उभा होता. बाळला वाटलं, आता हा गायला लागेल.

"तीन यंत्रं तुमच्या कानाखालून गेली," आत्या म्हणाली.

"माझ्या कानाखालून ती चांगली गेली." कानसेनने डोळे उघडले. "मारा मला, पण त्यांचा आवाज चांगला होता. मी विसरत नाही."

"बेअरिंग बदलायला किती कठीण?"

"बाजूचं झाकण काढलं की हात आत जातो. पण पुन्हा नीट बसवायला हात तयार पाहिजे. नवशिक्या झाकण ओरखडून ठेवेल."

"तुम्ही इथे कधीपासून?"

"ते धुण्याचं यंत्र आलं, त्याच वेळी बाईंनी मला आणलं. आधी मी जहाजाच्या गोदीत होतो."

"आणि तुम्ही काढलेले भाग कुठे जातात?"

हा काय प्रश्न, असा चेहरा करून त्याने यंत्राशेजारची जाळीची टोपली दाखवली. "त्यात टाकतो. सकाळी सगळं एकदम धुतलं जातं."

भंगारमामा अंगणातच भेटले. वाटोळा, हसरा माणूस, आणि डोळे सतत जमिनीवर. बोलता बोलता त्यांनी वाकून काहीतरी उचललं. तांब्याची करंगळीएवढी तार होती. ती खिशात गेली.

"मामा, कारखाना बंद पडला तर तुमचं बरं होईल का?"

"आता बघा बाई, खोटं कशाला बोलू?" मामांनी हात जोडले. "भट्टीवाला रोख देतो, त्याच दिवशी. या बाई तपासून, निवडून घेतात आणि मला थांबवतात. पण भट्टीवाला वजनाने घेतो. या मोल जाणून घेतात. मी आणलेलं धड सहा महिन्यांनी चालताना दिसलं की मला बरं वाटतं हो. हसू नका."

"हसत नाही. मांडणीतल्या त्या काशाच्या वाट्या भंगारात काय मोलाच्या?"

"तांबं आहे त्यात! सोन्याखालोखाल. म्हणून तर बाई मला त्या मांडणीजवळ फिरकू देत नाहीत," आणि मामा स्वतःच खो खो हसले.

थोरला भाऊ कार्यालयात बसला होता. इस्त्रीचा शर्ट, नीटनेटकं टेबल, आणि आवाजात सौजन्य. बाळला तो पाहताक्षणी आवडला. आपल्यासारखाच, बिलांना घाबरणारा माणूस.

"मी माझ्या बहिणीचं कौतुकच करतो," तो म्हणाला. "तिच्यासारखं काम कुणी करत नाही. पण नवं यंत्र विकलं तर जोखीम बनवणाऱ्याची. जुनं विकलं तर आपली. मी तिला कधीपासून सांगतोय, नव्या यंत्रांची एजन्सी घेऊ. एक कंपनी तयारही आहे. ही ऐकत नाही."

"कोणतं यंत्र कुठल्या गिऱ्हाइकाकडे जाणार, हे कोण ठरवतं?"

"मी. चाचणीआधीच चिठ्ठी लावतो. कुणाकडे जोडीला दुसरं यंत्र आहे, कुणाकडे नाही, हे बघूनच विम्याचा हप्ता ठरतो ना."

"तुम्ही स्वतः कधी काम केलंत? हाताने?"

"लहानपणी. आता तर पान्हा कसा धरायचा तेही विसरलो." बोलता बोलता त्याच्या हाताला टेबलावर पडलेला एक नट लागला. कुणीतरी नमुना म्हणून ठेवला असावा. त्याने तो रुमालाने आतून-बाहेरून पुसला, उजेडात धरून आटे पाहिले, आणि मागे न बघता मागच्या फळीवरच्या योग्य त्या डबीत टाकला. बाळने मनात म्हटलं, काय टापटीप आहे!

"काय समजलं, बाळ?" बाहेर आल्यावर आत्याने विचारलं.

"मामा. नक्कीच मामा. भट्टीवाला रोख देतो."

"तू कर्ज कुणाला देऊ नकोस रे," आत्या म्हणाली.

विम्याचे अधिकारी दुपारी आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याने मन पक्कं करून ठेवलं होतं. बाहेरच तो मालकीणबाईंना म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तीन म्हणजे योगायोग नव्हे."

"अगदी बरोबर," आत्या आतून म्हणाली. "योगायोग नव्हेच. या, बसा."

परत आलेल्या यंत्रांभोवती स्टुलं मांडली होती. मालकीणबाई, दादा, कानसेन, मामा, सगळे होते. टेबलावर आत्याने दोन ओळी लावल्या होत्या. एका ओळीत खरवडलेल्या वाट्या, दुसऱ्या ओळीत मांडणीतल्या त्या तीन चमकत्या जोड्या.

"सगळे इथे काय बिघडलंय ते शोधत होते," ती म्हणाली. "मी काय जास्त आहे ते पाहिलं. या तीन जोड्या मांडणीत असायला नकोत. न वापरलेली वाटी आतून धुरकट असते. मधोमध हा पट्टा फक्त एकाच गोष्टीने येतो. कानसेन?"

कानसेनने एक वाटी उचलली, अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा बदलला. "चाललेली आहे. एक दिवस. माझ्या चौथऱ्यावर."

"म्हणजे ही बेअरिंगं यंत्रात होती, चाचणी पास झाली, आणि मग कुणीतरी ती काढून भंगारातली झिजलेली जोडी बसवली. सील सकाळी लागतं. मधली संध्याकाळ मोकळी. म्हणून सील शाबूत, आणि म्हणून कानसेनचा कानही खरा."

अधिकाऱ्यांनी वही मिटली आणि ते पुढे वाकले.

"आता कोण?" आत्या म्हणाली. "बाहेरचा वैरी असता तर या वाट्या ओढ्यात फेकून गेला असता. मामा असते तर त्या खिशात गेल्या असत्या."

"गेल्याच असत्या," मामांनी लगेच कबूल केलं.

"पण या धुतल्या आहेत. पुसल्या आहेत. जागेवर ठेवल्या आहेत. कारखाना बुडवायला निघालेल्या माणसाने चांगला भाग वाया जाऊ दिला नाही. मी आयुष्यभर गुन्हे पाहिले, असा गुन्हेगार पाहिला नाही. हा माणूस याच घरात तयार झालेला. बरं, कानसेनने काढल्या असत्या तर टोपलीत टाकल्या असत्या, सकाळी साबणाने धुतल्या गेल्या असत्या. या डिझेलने धुतल्यात, हाताने, त्याच संध्याकाळी. ती रीत ओढा काळा वाहायचा तेव्हाची. त्या रीतीत वाढलेले इथे दोघंच उरलेत. त्यांतल्या एक सकाळी मला बोलवायला आल्या."

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. बाळला तो पुसलेला नट आठवला.

"आणि तीनही यंत्रं अशाच ठिकाणी गेली जिथे जोडीला दुसरं होतं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "कुणाचं दूध नासू नये एवढी काळजी घेतली. ती माहिती ज्याच्याकडे असते, चिठ्ठीही तोच लावतो."

"थांबा," अधिकारी म्हणाले. "ऐकायला छान आहे. पण या वाट्या याच यंत्रांच्या कशावरून? दुसऱ्या कुठल्याही असतील."

"प्रत्येक जोडी हाताने घासून तिच्याच दांड्याला बसवलेली असते," कानसेन म्हणाला. "दुसऱ्याला बसणार नाही. पण कुठली कुणाची हे शोधायला मला सगळा दिवस लागेल."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "माझ्याकडे दिवस नाही."

तेव्हा दादा उठला. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. तो टेबलाशी आला, मधली जोडी उचलून पहिल्या यंत्रापाशी ठेवली, डावीकडची तिसऱ्यापाशी, उरलेली दुसऱ्यापाशी. कुणाला काही न विचारता पान्हा घेतला. बाळने तोवर बरेच मेकॅनिक पाहिले होते, पण बोटं अशी चालताना पाहिली नव्हती. घाई नाही, आवाज नाही, वाटी दांड्यावर टेकली की आपली जागा घेत होती.

"बाबांनीही गॅरंटी दिली होती," तो मान खाली घालून बोलू लागला. "तोंडी. एका हंगामात धडाधड यंत्रं पडली. त्यांनी प्रत्येकाला भरून दिलं. घर विकलं. मी सामान टेम्पोत चढवलंय. ही लहान होती, हिला आठवत नाही. मला प्रत्येक यंत्र बाहेर जाताना तो टेम्पो दिसतो. वाटलं, विमा गेला की ही गॅरंटी थांबवेल, नवी यंत्रं विकू, जोखीम दुसऱ्याच्या माथी." त्याने बोल्ट आवळला. "वाट्या फेकायलाच निघालो होतो. तिन्ही वेळा. ओढ्यापर्यंत गेलो. हात होईना."

"मला आठवतं, दादा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "टेम्पोत मी तुझ्या मांडीवर बसले होते. म्हणून तर मी विमा उतरवला. म्हणून तर प्रत्येक यंत्रामागे थोडं बाजूला काढते. बाबा चुकले ते गॅरंटी देऊन नाही. त्यांनी तिच्यामागे काही उभं केलं नाही. मी केलं. आणि तू तेच पाडायला निघालास."

दादाने झाकण लावलं, तेल भरलं. कानसेनने यंत्र चौथऱ्यावर घेतलं आणि सुरू केलं. त्याने दांडी टेकवून ऐकलं, आणि मग ती अधिकाऱ्यांच्या हातात दिली. साहेबांनी अवघडून ती कानाला लावली. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"माणूस झोपल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "शांत."

"चाळीस वर्षांचं धड आहे ते," मामा अभिमानाने म्हणाले. "मीच आणलंय."

अधिकारी बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "विमा राहील. पण सील चौथऱ्यावरच लागलं पाहिजे, यंत्र गरम असतानाच. सकाळी बोल्ट आवळायला ते तोडा आणि दुसऱ्या माणसासमोर नवं ठोका. आणि बाई, जे घडलं ते मला अहवालात लिहावं लागेल. सगळं."

"लिहा," मालकीणबाई म्हणाल्या. "लपवलेलं काही मला पुन्हा खोलत बसायचं नाही."

परतताना फाटकापाशी बाळ आत्याला म्हणाला, "असा हात असलेला माणूस कागदांमागे बसून घाबरत राहिला. काय वाया गेलं गं." आत्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि या खेपेला त्याची थट्टा केली नाही.

आत दादा हात पुसत उभा होता. त्याने खिशातून कार्यालयाच्या आणि कारखान्याच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. मालकीणबाईंनी त्या उचलल्या आणि पदराला बांधल्या. तो दारापर्यंत गेला, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"दादा, अजून दोन यंत्रं जोडायची आहेत. उद्या आठला ये. आणि इस्त्रीचा शर्ट घालू नकोस."